रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) वेळेवर काढा ना!

सकाळी 8 ला घेतलेलं ब्लड ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये दुपारी 3 पर्यंत तसंच पडून आणि मग स्लाइड माझ्यासमोर, "मॅडम, जरा बघून घ्या". काय बघू? न्यूट्रोफिलमध्ये (एक पांढरी पेशी) व्हॅक्यूओल, म्हणजे पोकळ बुडबुडे, आरबीसीच्या (लाल पेशींच्या) कडा काटेरी. हे पेशंटचं की ट्यूबमध्ये ठेवल्याचं, कोण सांगणार? दोन तासांत स्मिअर काढा हे सांगून सांगून घसा बसला माझा.

आणि स्मिअर तरी कसा! थेंब एवढा मोठा की शेपूटच (शेवटचा पातळ भाग) नाही, टोकापर्यंत नुसतं जाड रक्त. स्प्रेडर (रक्त पसरवायची काच) 30-45 अंशात धरायचा, एका दमात सरकवायचा, एवढंच तर आहे. नीट वाळायच्या आधीच लीशमन (पेशी रंगवायचा रंग) ओततात, मग आरबीसीत चमकणारी भोकं, आता शोधा त्यात मलेरिया.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते प्लेटलेटवरून. मशीन म्हणालं फक्त 40 हजार की रिपोर्ट सरळ बाहेर. अरे, शेपटीकडे एकदा बघा, प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत, मशीन ते प्लेटलेट म्हणून मोजतच नाही! डेंग्यूच्या सीझनमध्ये तो आकडा बघून घरच्यांनी रात्रभर प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावायचं का? पाच मिनिटं मायक्रोस्कोपला डोळा लावायला खरंच वेळ नाही?