सा मागितला, प आला

आमच्या चिरंजीवांची शाळेच्या बँडमध्ये निवड झाली आहे. पंधरा ऑगस्टला पांढरा ड्रेस, खांद्यावर लाल झालर, हातात ट्रंपेट अशा थाटात ते मैदानावर उभे राहणार आहेत. आणि वाजवणार नाहीत. ट्रंपेट ओठांना लावायचा, बटणं दाबायची, पण आत हवा सोडायची नाही, अशी परवा बँडच्या सरांची आज्ञा झाली.

"नवीन पोरं हायत ताई, सूर लागंना झालाय," सर मला म्हणाले. "पण मागच्या रांगेत चार ट्रंपेट दिसाय पायजेत. दोघं वाजवतील, दोघं दिसतील."

आमचा दिसणाऱ्यांतला.

बरं, हे जूनमध्येच सांगितलं असतं तर नुसतं दिसण्याचा सराव आरशासमोर झाला असता, तोही बिनआवाजी. पण तेव्हा आमच्याकडे आधी आला तो ट्रंपेटचा फक्त माउथपीस. ओठ मिटून मधून अशी हवा काढायची की ओठ थरथरले पाहिजेत. हाच आवाज मागच्या वर्षी पाहुण्यांसमोर काढल्याबद्दल त्याने पाठीत धपाटा खाल्ला होता. यंदा तो गृहपाठ झाला. सासूबाईंना अजूनही वाटतं की पोरगं त्यांनाच चिडवतंय.

मग अख्खा ट्रंपेट आला. त्याची नळी सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरते म्हणे. तेवढ्या वाटेत श्वासातली वाफ गार होते, पाणी साठतं, आणि ते काढून टाकायला खाली एक छोटी चावी असते. शास्त्राप्रमाणे ते बहुतेक पाणीच. सासूबाईंच्या शास्त्राप्रमाणे ती थुंकी, आणि ती देव्हाऱ्यापासून चार हातांवर पडली. तेव्हापासून सराव गॅलरीत. पहिल्याच संध्याकाळी समोरच्या घरातल्या आजी पिशवी आणि सुटे पैसे घेऊन खाली उतरल्या. पाववाल्याचा भोंगा समजून.

पण खरी कथा खालच्या मजल्यावरच्या काकांची आहे.

काका बँकेतून निवृत्त झालेत आणि इथे बेळगावात, शहापुरातल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतात. तरुणपणी आपण रामभाऊ विजापुरे बुवांची पेटी कुठे कुठे उभं राहून ऐकली, हे ते लग्नमुंजीत, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, कुठेही सांगू शकतात. एका संध्याकाळी ते वर आले ते पेटी घेऊनच. मला वाटलं तक्रार असणार, म्हणून मी माफीची वाक्यं जुळवत आधी वाटीत कुंदा काढला. काकांनी कुंदा घेतला, माफी ऐकूनच घेतली नाही.

"तुमच्या पोराचा सूर चुकूलालाय ताई. मी खालून रोज ऐकूलालोय. बसव त्याला. दुरुस्त करूया."

पेटी जमिनीवर आली. काकांनी भाता सोडला, पांढरी एक, म्हणजे इंग्रजीतला सी, दाबली आणि डोळे मिटून म्हणाले, "दे सा."

मुलाने माझ्याकडे बघितलं. "सी वाजव," मी दुभाष्याचं काम केलं. त्याने श्वास घेतला, फुंकर मारली, आणि प आला.

"मी सा मागतोय, हा प देतोय," काका डोळे न उघडता म्हणाले.

"दोन्हीला बटण नसतंय काका," मुलगा म्हणाला. "ओठ जरा घट्ट झाले की सा चा प होतोय."

काकांनी आता डोळे उघडले. ट्रंपेट हातात घेऊन बटणं मोजली. "तीनच? आणि सा ला त्यातलं एकबी नको? माझ्या पेटीला बेचाळीस पट्ट्या, चाळीस वर्षं झाली, अजून शिकतोय मी. तू तीन बटणांत काय वाजवणार मर्दा?" मग, मी 'काका, नको' म्हणेपर्यंत, त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसून तोंडाला लावला. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. चेहरा लाल झाला, कपाळावर शीर उभी राहिली, आणि अचानक गॅलरीतली कबुतरं उडाली.

"लागला! षड्ज!" काका धापा टाकत म्हणाले.

"तो प आहे," चिरंजीव.

काकांना चक्कर आल्यामुळे पाच मिनिटं मध्यंतर झालं. सासूबाई पाणी घेऊन आल्या, आणि ट्रंपेटकडे बघून 'आता दोघांचं उष्टं' एवढंच पुटपुटून आत गेल्या.

मध्यंतरानंतर मुलाला कसाबसा सा सापडला. तेव्हा नवंच प्रकरण निघालं. पेटीचा सा आणि ट्रंपेटचा सा जुळेचना. काकांनी एकेक पट्टी दाबत शोध घेतला आणि काळी पाचवर येऊन थांबले.

"हा काळी पाचवर बसलाय!"

"सर म्हणाले, हाच सी," मुलगा.

"सी म्हणजे पांढरी एक. सगळ्या जगात."

"ट्रंपेटचा सी वेगळा असतोय."

"का? त्याचं सरकार वेगळं आहे?"

मी मोबाइलवर शोधलं. पोरगं बरोबर होतं. हा ट्रंपेट बी फ्लॅटचा. त्याच्या कागदावर सी लिहिलेला असतो आणि कानाला येतो तो बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. मी हे काकांना वाचून दाखवलं.

"मग कागदावरच बी फ्लॅट लिहा की. लिहायचं एक, वाजवायचं एक?" आणि माझ्याकडे रोखून बघत, "आधीच २०१४ पासनं गावाचं नाव पाटीवर बेळगावी आणि तोंडात बेळगाव. आता सुराचंबी तसंच?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीमाभागात राहून या विषयावर उत्तर असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि जे आहे म्हणतात ते मोर्चात असतात.

"शिवाय," काका पेटीचा भाता मिटत म्हणाले, "काळी पाच ही बायकांची पट्टी. आमच्या मंडळात काळी एकच्या वर कोण चढत नाही. पोराला उगाच बायकांच्या पट्टीत टाकलंय."

त्यानंतर ते रोज खालून पांढरी एक धरून ठेवू लागले, आणि वरून हा काळी पाच. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मी स्वयंपाक करत होते.

आमच्या गावाचा हा त्रासच आहे. इथे गाणं कळत नाही असं कबूल करणारा माणूस मिळत नाही. कुंदा ज्याला करता येत नाही तो मान्य करतो, पण सुराच्या बाबतीत रिक्षावालासुद्धा मान हलवून 'उतरला' म्हणतो. त्यातून इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. लष्करी बँड ऐकून कान तयार झालेल्या लोकांपुढे सातवीतली पोरं ट्रंपेट घेऊन उभी करायची, म्हणजे सरांची भीतीही मला कळते.

पण म्हणून गप्प उभं करायचं? काकांना हे कळलं तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त भडकले.

"१९२४ साली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं," ते जिन्यातच उभे राहून सांगू लागले. "अध्यक्ष गांधीजी. गंगूबाई हनगल तेव्हा अकरा वर्षांची पोर. ती गांधीजींसमोर गायली. तिला कुणी सांगितलं नाही, की बाळ, नुसतं तोंड हलव! त्याच वर्षी एप्रिलात इथं सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. आणि त्याच मातीत तुम्ही पोरांना मुकं उभं करूलालाय?"

मी करत नव्हते. पण जिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

मी मात्र इतिहासात न जाता सरळ हिशोब मांडते. आठवड्यातून बँडचा एक तास. तो बहुतेक वेळा गणिताचे सर मागून घेतात आणि परत करत नाहीत. उरलेल्यात एकटे सर मोठा ढोल, साइड ड्रम, झांज, बिगुल आणि ट्रंपेट सगळं शिकवणार. ड्रम पहिल्या दिवसापासून निदान वाजतो तरी. ट्रंपेटला ओठ तयार व्हायलाच महिने जातात, आणि ते रोज थोडं थोडं फुंकून होतात, हे सरांनीच आम्हाला सांगितलं होतं. मग दोन महिन्यांत मैदानावर का उतरवायचं? तर पाहुणे येणार आहेत आणि फोटो काढायचेत. ड्रेसचे पैसे घेतले, झालरीचे वेगळे घेतले, पांढऱ्या बुटांचे दुकान कोणतं तेसुद्धा छापून आलं. ट्रंपेट शिकवायला दुसरा माणूस ठेवायला मात्र पैसे नाहीत. झालर फोटोत येते, माणूस येत नाही.

चिरंजीवांना यातलं काही वाटत नाही. वाजवायचं नाही म्हटल्यावर चुकायची भीती गेली, असं त्याचं म्हणणं. ते ऐकून मला जास्तच राग आला.

काल काकांच्या घरच्या काकू वर आल्या. त्या महिला भजनी मंडळात गातात आणि या भांडणात आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"ह्यांचं सोडा," त्या म्हणाल्या. "पोरगं काळी पाचमध्येच वाजवतंय न्हवं? ती आमचीच पट्टी. मंडळाचा तंबोरा मिरजेला दुरुस्तीला दिलाय, तो काय श्रावणाआधी येत नाही. सोमवारी पाठवा याला."

मी प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला अजून धड काही येत नाही. नीट लागतात ते दोनच सूर, सा आणि प, आणि त्यातलाही कधी कुठला येईल याचा भरवसा नाही.

"पुरे की," काकू म्हणाल्या. "तंबोऱ्याला तरी दुसरं काय येतंय?"

आतून सासूबाईंनी विचारलं, ते पाणी तिथे कुठे सोडणार.