खण 'आउट' झालाय म्हणे

आज सकाळी दूध आणायला निघाले, तर लिफ्टपाशी कचऱ्याच्या पिशवीतून खणाची कुशन कव्हरं डोकावत होती. जांभळी, हिरव्या काठाची, अगदी धडधाकट. समोरची मुलगी म्हणाली, "काकू, आता सगळं बेज करतोय. खण आउट झालाय."

तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाहीये.

अहो, खण आउट? कर्नाटकातल्या गुलेदगुड्डच्या मागावर विणलेला, अंगावर रथ नि रुद्राक्ष मिरवणारा खण! आपल्या ओटीत नारळासोबत येतो तो, तिकोनी घडीचा. पन्हा जेमतेम 30 इंचांच्या आसपास, कारण तो चोळीसाठीच विणला जायचा. मग त्याच्या साड्या आल्या, कुर्ते आले आणि पाठोपाठ तोरणं, टेबल रनर, कंदील. एका गणपतीत तर जाईन त्या घरी मखराला खणच. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता साडी मागे पडली, तर घरातनंही हकालपट्टी!

माझ्या आईची एक अंजिरी खणाची चोळी होती. काखेत विरली तेव्हा तिने पाठीचा धड भाग कापून घेतला आणि गोधडीच्या मधोमध लावला. भोवती तिच्याच नऊवारींचे तुकडे, वर बारीक धावदोरा. कपड्यावरून घर सजणं आपल्याला नवीन नाहीच. पण कपडा आधी अंगावर जगायचा, मग घरात यायचा.

आणि आता? 'वर्षाचा रंग' जाहीर करणाऱ्या त्या पॅन्टोन कंपनीवाल्यांनी 2024 साठी पीच फझ सांगितला, 2025 साठी मोका मूस. तोच रंग ड्रेसला, तोच सोफ्याला. दरवर्षी भिंती नि पडदे बदलायचे का माणसांनी? घर म्हणजे कपाट आहे का? संताप होतो नुसता.

खणाच्या त्या लाटेत विणकरांना चार पैसे मिळाले असतील, मान्य. पण बाजारात पॉलिस्टरवर छापलेला नकली खणही होता, तो कुठल्या मागावर विणला होता?

त्या मुलीवर राग नाही माझा. हप्ते फेडतेय बिचारी, स्वतःचं पहिलं घर आहे. हौस तिनेही करावीच. आईसारखं कोणी तिला तुकडा हातात धरून दाखवलंच नसेल, तर तिला तरी काय कळणार.

कव्हरं मी उचलून आणली. धुतली. आता दोरीवर वाळतायत. गोधडी बाहेर काढून बघितली, चाळीस वर्षं झाली तरी मधला अंजिरी चौकोन तस्साच आहे, फक्त कडेचा दोरा सुटलाय.

कुणाकडे खणाचं काही पडून असेल तर पिशवीत टाकू नका. मला फोन करा, मी येऊन घेऊन जाईन. धावदोरा मला येतो.