पाकात बुडवलेला, पण पोकळ नव्हे
नुकत्याच वाचलेल्या एका लेखात 'अमेली' (2001) या फ्रेंच चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची दोन टोकांची मते दिली आहेत. कुणाला तो मनाला उभारी देणारा वाटतो, तर कुणाला साखरेच्या पाकात बुडवलेला. दुसरे मत मला अंशतः पटते, कारण दिग्दर्शक झाँ-प्येर जने यांचे कचरा आणि भिंतींवरची रंगरंगोटी पुसून टाकलेले मोंमार्त्र (पॅरिसचा एक भाग, जिथे चित्रपट घडतो) खऱ्या पॅरिसपेक्षा पोस्टकार्डाच्या अधिक जवळ जाते, आणि हा आक्षेप काही फ्रेंच समीक्षकांनी तेव्हाच घेतला होता. तरीही नायक-नायिका जवळजवळ शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलतच नाहीत, फोटोबूथमधल्या फाटक्या छायाचित्रांच्या वहीवरून त्यांचा लपंडाव चालतो, ही रचना प्रेमापेक्षा भिडस्त माणसाच्या एकटेपणाविषयी अधिक सांगते. (चित्रपटाच्या यान तिएर्सन यांनी दिलेल्या संगीताचा उल्लेख लेखात कुठेच नाही, याचे मात्र आश्चर्य वाटले.)