‘वरची पाऊण पृथ्वी आणली कुठून?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण तुमचा एक मुद्दा मला काही केल्या खोडता येईना. शेवटी तो मान्यच करायचं ठरवलं. पण त्याकडे नंतर येतो.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘माणूस आज १.७ पृथ्व्यांइतकं वापरतो’ असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, पृथ्वी एकच आहे, मग वरची पाऊण आणली कुठून? हा निव्वळ आकड्यांचा खेळ. दुसरं, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढेल असं सांगणाऱ्या माल्थस या अर्थतज्ज्ञापासून सगळे ‘संपलं, संपलं’ म्हणत आले आणि दर वेळी तोंडघशी पडले. तंत्रज्ञान वाट काढतंच. आणि जाता जाता एक टोला: खरा प्रश्न लोकसंख्येचा, पण ते लिहायची माझी हिंमत नाही.

आधी पाऊण पृथ्वीचं बघू. हा १.७ चा आकडा ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ नावाच्या हिशेबातून येतो. निसर्ग वर्षभरात जेवढं पुन्हा तयार करतो, त्याच्या १.७ पट आपण वापरतो, असा त्याचा अर्थ. ही पद्धत विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनेगल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बसवली. धान्य, चराई, लाकूड, मासे, घरं-रस्ते यांना किती जमीन आणि समुद्र लागतो ते मोजायचं. त्यात आणखी एक रकाना आहे. इंधन जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड, समुद्र शोषतो तेवढा सोडून, जिरवायचा तर किती जंगल लागेल? एकूण फूटप्रिंटचा सुमारे ६० टक्के भाग या एकट्या रकान्याचा आहे. आणि तेवढं जंगल जगात नाही. म्हणून तो वायू वर साचतो. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या पुढे गेलाय. वरची पाऊण पृथ्वी कुणी कुठून आणलेली नाही. उधारी चालू आहे, आणि तिची वही मौना लोआवर रोज लिहिली जाते.

खरं तर या आकड्यावर तुमच्यापेक्षा धारदार टीका झालेली आहे. कार्बनचा रकाना काढला की जादा वापर जवळजवळ उरतच नाही, हे २०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. माझी तक्रार मात्र उलट्या बाजूची. खोल विहिरी खणून हजारो वर्षांचं पाणी उपसा आणि भरघोस पीक काढा. हा हिशेब ते जमिनीची ताकद वाढली म्हणून जमेला धरतो. उपसलेल्या पाण्याला त्यात रकानाच नाही. वाहून गेलेल्या मातीलाही नाही. म्हणजे आकडा फुगवलेला नाही, उलट हात राखून काढलेला आहे.

आता मान्य करायचं ते. जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांच्या पैजेची तुम्ही आठवण करून दिलीत. १९८० साली तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू निवडले. दहा वर्षांत ते महागतील असं एर्लिक म्हणाले. महागाई वजा जाता पाचांचेही भाव उतरले आणि १९९० मध्ये एर्लिकना ५७६.०७ डॉलरचा चेक धाडावा लागला. धातूंच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. भाव चढला की नव्या खाणी निघतात, भंगार वितळवलं जातं, पर्याय शोधला जातो.

पण खाणीतलं तांबं पिल्लं घालत नाही. कॉड मासा घालतो, आणि सगळी गोम तिथे आहे. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं कॉड पकडला जात होता. मग समुद्रातच मासा साफ करून गोठवणारी अजस्र जहाजं आली, आणि १९६८ साली त्या पट्ट्यातून सुमारे आठ लाख टन कॉड निघाला. पुढे साठा घटत गेला, पण मोठ्या जहाजांच्या जाळ्यांना ते कळेना. कारण कॉड थवा करून राहतो. उरलेला मासा दाटीवाटीने एकत्र येतो आणि सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, नेमका तो थवा हुडकून देतं. जाळं भरलेलंच वर येतं. साठ्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी या भरलेल्या जाळ्यांवर भिस्त ठेवली. किनाऱ्याजवळचे छोट्या होड्यांवाले ओरडत होते की मासा कमी झालाय, बारीक झालाय. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसं घरी बसली. ही बंदी उठायला २०२४ उजाडलं, तीही अगदी हात आखडता ठेवून.

यात तंत्रज्ञान नव्हतं असं कसं म्हणणार? भरपूर होतं. सोनार हे तंत्रज्ञानच. त्याने मासा वाढवला नाही, तळ दिसेपर्यंत टोपली भरलेली दाखवली. हाबर-बॉश प्रक्रियेने हवेतल्या नायट्रोजनचं खत झालं आणि आज जगातली साधारण निम्मी माणसं त्या खतावर जगतात, हे मला पूर्ण मान्य. तेच खत मिसिसिपीतून वाहत मेक्सिकोच्या आखातात उतरतं आणि दर उन्हाळ्यात तिथलं पाणी प्राणवायूविना मरतं, हेही त्याच खात्यावर मांडा एवढंच म्हणणं.

लोकसंख्येवर फार लिहीत नाही. जगातले सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक वैयक्तिक वापरातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाच्या जवळपास निम्म्याला जबाबदार आहेत, असं ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०१५ मध्ये मांडलं होतं. नुसती डोकी मोजून हे कळत नाही. हिंमतीचा प्रश्न येतोच कुठे?

तुमच्यामुळे मूळ लेखात दोन बदल केलेत. ‘धातू संपत आले आहेत’ हे वाक्य काढून टाकलं. १.७ तसाच ठेवलाय, पण त्यातला किती भाग कार्बनचा आहे आणि उपसलेलं पाणी त्यात धरलेलं नाही, हे लगेच खाली लिहिलंय. आणखी काही खटकलं तर कळवा.