लेनच्या मधोमध सायकल का?

तुमची प्रतिक्रिया वाचली. ब्रिटनमधले सायकलवाले लेनच्या मधोमध चालवून गाड्या अडवतात, रोड टॅक्स भरत नाहीत, त्यांना कायद्यानेच कडेला ठेवायला हवं, असं तुमचं म्हणणं. मला ते अजिबात पटलेलं नाही.

हायवे कोड म्हणजे ब्रिटनमधली रस्ता वापरण्याची अधिकृत नियमावली; तिचा नियम ७२ जानेवारी २०२२मध्ये बदलला. शांत रस्त्यावर, संथ रहदारीत, आणि चौक जवळ आला किंवा रस्ता अरुंद होत असला की लेनच्या मध्यभागी राहा, असं तो सांगतो. शांत रस्त्यावर मागून वेगवान गाडी आली, तर सुरक्षित असेल तेव्हा डावीकडे सरून तिला वाट द्या, हेही त्यातच आहे; ते तुम्ही वगळलंत. वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर ठेवायचं.

त्या अर्ध्या मीटरात काय असतं, हे गाडीतून दिसत नाही. गटाराच्या जाळ्या, उखडलेलं डांबर, काचा, शरद ऋतूत ओल्या पानांचा चिखल. ते चुकवायला हँडल वळवलं की माणूस थेट मागच्या गाडीपुढे येतो.

पादचाऱ्यांसाठी रस्त्याच्या मध्ये बेट असतं, तिथे तर कडेला राहणं जिवावरच बेततं. आपण कडेला चिकटलो की मागच्याला वाटतं, गाडी निघेल. मग तो आत घुसतो आणि आरसा कोपराला घासून जातो. आपण मधे असलो की जागा नाही हे त्याला लांबूनच कळतं, आणि बेट संपेपर्यंत तो मागे राहतो. जातात ते काही सेकंद.

ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडा, असंही कोड सांगतो. साध्या दुपदरी रस्त्यावर तेवढं अंतर ठेवायचं तर समोरच्या लेनमध्ये जावंच लागतं. मग सायकल कडेला असली काय नि मधे असली काय, समोरून गाडी येत असेल तर थांबायचंच आहे!

टॅक्सचं म्हणाल तर तो गाडीवरचा कर आहे, रस्त्यावरच्या जागेचं भाडं नव्हे. इलेक्ट्रिक गाड्यांना तो एप्रिल २०२५पर्यंत शून्य होता. त्यांना कडेने चालवा असं कुणी म्हटलं नाही.

रविवारी जोडीजोडीने जाणाऱ्या ग्रुपबद्दलची तुमची तक्रार मात्र रास्त असू शकते. नियम ६६ दोघांना शेजारी-शेजारी चालवू देतो, पण सुरक्षित जागा मिळाली की एकामागे एक होऊन किंवा थांबून मागच्यांना जाऊ द्या, असंही सांगतो. जागा असूनही ते हटत नसतील, तर चूक त्यांचीच.