‘ज्याचं त्याने बघावं’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

दोन दिवस आमच्या देवगडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. नाटो (अमेरिका, कॅनडा नि युरोपातल्या देशांची संरक्षणासाठीची युती) म्हणजे थोतांड, अमेरिका एकटी मरते नि बाकीचे फुकट खातात, एकावर हल्ला झाला की नाटो करारातल्या कलम ५ मुळे सगळे आपोआप युद्धात ओढले जातात, लहान देशांचा उपयोग शून्य, त्यापेक्षा तटस्थ राहावं, ज्याचं त्याने बघावं. पाठवणारी माणसं घरातलीच आहेत म्हणून नीट लिहितोय.

‘आपोआप’ हे साफ चूक. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा धरायचा एवढं खरं, पण मदत कसली करायची हे प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचं असतं, सैन्य पाठवणं हा त्यातला एक मार्ग, सक्ती नाही.

आणि फुकट कोण खातंय? १९४९ पासून हे कलम एकदाच लागू झालं, २००१ साली, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, म्हणजे अमेरिकेसाठीच! पुढे अफगाणिस्तानात ब्रिटनचे ४५७ सैनिक गेले, एवढ्याशा डेन्मार्कचे ४३ गेले, त्यांच्या घरच्यांना फुकटे म्हणताना काहीतरी वाटायला हवं. खर्चाची तक्रार मात्र खरी आहे, कित्येक देशांनी वर्षानुवर्षं संरक्षणावर हात आखडता घेतला.

लहानांचा उपयोग काय म्हणणाऱ्यांनी एकदा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला यावं. जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, दोरीला म्हातारा असतो, शाळकरी पोर असतं, नि एका बाजूने जरा सैल सोडलं की मासळी तिथूनच निसटते, मग दुसऱ्या बाजूला कितीही दणकट गडी असू देत.

आता तटस्थपणा. नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स, बेल्जियम, सगळे तटस्थच होते की, १९४० च्या एप्रिल-मे मध्ये जर्मनी घुसलीच, आणि १९४९ ला हेच चौघे नाटोच्या पहिल्या १२ देशांत होते. युक्रेनने १९९४ ला अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, बदल्यात नुसतं आश्वासनाचं कागद मिळालं, त्यावर रशियाचीही सही, आणि २०१४ ला त्याच रशियाने क्रिमिया घेतला. २०२२ चं आक्रमण बघून फिनलंड नि स्वीडन आत आले, दोनशे वर्षं युद्धापासून लांब राहिलेला स्वीडनसुद्धा.

राहिलं ‘ज्याचं त्याने बघावं’. विजयदुर्गाच्या जेटीवर उभं राहिलं की हे वाक्य मला ऐकवत नाही. पेशवे नि विजयदुर्गावरच्या मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांचं फाटलं होतं, चूक दोघांचीही असेल, पण पेशव्यांनी घरचं भांडण मिटवायला इंग्रजांना बरोबर घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वाघोटन खाडीच्या तोंडाशी आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि इंग्रजांना समुद्रात अडवणारं ते आरमार आपल्याच फुटीने संपलं.