गाडी पंक्चर झाली

आज ऑफिसात एका मैत्रिणीचा निरोप समारंभ होता. कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं, 'आता मुलांसोबत मजा कर!' डोकंच फिरलं माझं. अकरा वर्षं नोकरी केलेली बाई मजा करायला राजीनामा देते का? संध्याकाळी सहाला पाळणाघर बंद होतं आणि आमच्याकडे 'जरा पाच मिनिटं बोलू' सुरू होतं पावणेसहाला, म्हणून जातेय ती.

चार वर्षांपूर्वी माझ्या लेकीला सकाळी १०२ ताप होता. मी साहेबांना फोन केला आणि सांगितलं, गाडी पंक्चर झालीय. साहेब म्हणाले, "अरे, सावकाश ये, घाई करू नको." लेक पांघरुणातून म्हणाली, "बाबा, कधी झाली पंक्चर?"

पंक्चरला सहानुभूती मिळते हो. तापाला "घरी दुसरं कोणी नाही का?" हे दुसरं कोणी म्हणजे बायको, तिची नोकरी जणू हौसेची!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारात लिहिलंय की घरच्या जबाबदाऱ्या हे कामावरून काढण्याचं कारण होऊ शकत नाही. पण काढतंय कोण? बढती दुसऱ्याला द्यायची, महत्त्वाचं काम काढून घ्यायचं, उशिराच्या मीटिंगा लावायच्या. माणूस आपणहून जातो. वर आपण केक आणतो.

मूल नसलेल्यांवर जादा काम पडतं, तेही चिडतात. बरोबर आहे त्यांचं. मग बदली माणूस द्या की, तो पगार वाचवायचा कशाला?

आणि आम्ही बापही काही कमी नाही. स्वीडनने १९७४ मध्येच बापालाही पालकत्वाची रजा दिली, तरी बाप घेईनात. शेवटी १९९५ मध्ये एक महिना राखून ठेवावा लागला, घेतला नाही तर बुडाला. मला पंधरा दिवस होते. घेतले चार, तेही लॅपटॉप मांडीवर ठेवून. कुणी अडवलं नव्हतं. साहेब काय म्हणतील, एवढंच.

आज निघताना तिला ती पंक्चरची गोष्ट सांगितली. वाटलं, हसेल. हसलीही. मग म्हणाली, "तुझी पंक्चर खपली. मी सांगितली असती तर विचारलं असतं, मुलं परत आजारी का?"

हातात केकची प्लेट होती. तशीच धरून उभा राहिलो.